खासगी क्लाउडमध्ये सेवेचं टेम्पलेट: क्लोन काढण्याआधीचं आणि नंतरचं काम

विदर्भात तालुक्याच्या ठिकाणीही जिनिंग, पतसंस्था, महाविद्यालय, शेतकरी उत्पादक कंपनी इथे दोन-तीन सर्व्हरचा स्वतःचा क्लाउड उभा राहतो. त्यात एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालतात, त्यांनाच इथे 'मशीन' म्हटलं आहे. ते चालवायला कुठे प्रॉक्समॉक्स, कुठे हायपर-व्ही. चूक मात्र सगळीकडे एकच होते. चालू असलेली एखादी मशीन चांगली चालते म्हणून उचलायची, तिचंच टेम्पलेट (साचा) करायचं आणि त्यातून हव्या तेवढ्या मशिनी, म्हणजे क्लोन (प्रती), काढायच्या. सुरुवातीला काही होत नाही. मग दोन मशिनींना एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो, लाइन (वीज) जाऊन आली की डेटाबेसच्या आधी ॲप्लिकेशन उठतं, डिस्क बाहेरून वाढवली तरी आत वाढत नाही. "सर, नवी मशीन तर सुरू झाली, पण जुनी बंद पडून राहिली," असा फोन आला की कारण बहुतेक वेळा टेम्पलेटमध्येच सापडतं.

खालचा क्रम बदलू नका. पहिल्या चार टप्प्यांत सर्व्हरला हातच लावायचा नाही. वही किंवा एक्सेल पुरे. उदाहरणाला एकच सेवा घेऊ: काट्यावर गाडीचं वजन होतं, काटापट्टी निघते, शेतकऱ्याच्या नावावर नोंद होते आणि हिशेब ऑफिसात दिसतो. सेटिंग प्रॉक्समॉक्सची धरली आहेत, पण आराखडा कुठेही तोच राहतो.

## टप्पा १: सेवेचे थर लिहून काढा

काटापट्टीच्या सेवेत निदान तीन थर आहेत: डेटाबेस, ॲप्लिकेशन आणि ब्राउझरला उत्तर देणारा वेब थर. त्यांच्याखाली चौथा थर असतो, तो लिहायचा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: नावावरून पत्ता देणारा डीएनएस आणि घड्याळ जुळवणारा एनटीपी.

प्रत्येक थरासाठी तक्त्यात लिहा: तो कोणावर अवलंबून, त्याच्यावर कोण अवलंबून, मशिनी कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि तो बंद पडला तर काटा थांबतो का. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना कोणती मशीन आधी उठवायची, हे या शेवटच्या रकान्यावरून ठरतं.

वेब थराच्या दोन मशिनी काढता येतात, कारण तिथे स्वतःचा डेटा नसतो. डेटाबेसचे दोन क्लोन काढले तर दोन वेगळे डेटाबेस तयार होतात, एकाची नोंद दुसऱ्यात जात नाही. रेप्लिकेशन (एका डेटाबेसच्या नोंदी आपोआप दुसऱ्यात जाण्याची सोय) ठरवून उभं केलेलं नसेल तर डेटाबेसच्या ओळीत कमाल आकडा १ लिहा.

मायक्रोसॉफ्टच्या सिस्टम सेंटर व्हर्च्युअल मशीन मॅनेजरमध्ये हे थर, मशिनींची किमान-कमाल संख्या आणि उभारणीचा क्रम सर्व्हिस टेम्पलेटमध्येच भरता येतो. प्रॉक्समॉक्समध्ये टेम्पलेट एकेका मशिनीचं असतं; थरांचं नातं तक्त्यात, टॅगमध्ये आणि ॲन्सिबलसारख्या (मशिनींना सेटिंग आपोआप देणाऱ्या) साधनात आपणच सांभाळायचं. त्यामुळे प्रॉक्समॉक्सवाल्यांनी हा तक्ता मुळीच टाळू नये.

## टप्पा २: मापं ठरवा, आणि एक सर्व्हर बंद आहे असं धरून ठरवा

समजा, १२८ जीबी मेमरीचे दोन सर्व्हर आहेत. हाताशी २५६ जीबी आहे असं मुळीच धरायचं नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा एक सर्व्हर तापून बंद पडला, तर सगळा भार दुसऱ्यावर येणार. म्हणून हिशेब १२८ पासून सुरू करा. त्यातले १६ जीबी सर्व्हरची स्वतःची प्रणाली आणि स्टोरेजच्या कॅशेसाठी सोडा, उरले ११२. चाचणीच्या क्लोनसाठी १२ बाजूला ठेवा. सेवांना वाटायला १०० जीबी राहिले. सगळ्या थरांची कमाल संख्या गुणिले मेमरी ही बेरीज १०० च्या आत बसली पाहिजे. बसत नसेल तर क्लोन कमी करा. बलूनिंगच्या (एका मशिनीची न वापरलेली मेमरी दुसरीला देण्याच्या सोयीच्या) भरवशावर आकडे फुगवू नका.

माप हंगामाच्या गर्दीचं घ्या. ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीपासून कापूस, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. जुलैमधला भार बघून ठरवलेलं माप दसऱ्यानंतर टिकत नाही.

मापांचे प्रकार मोजकेच ठेवा: लहान, मध्यम, मोठं. प्रत्येक अर्जदाराला वेगळं माप दिलं की वर्षभरात कोणत्या मशिनीला काय दिलं ते कोणालाच सांगता येत नाही.

सीपीयूच्या प्रकारात 'होस्ट' निवडण्याचा मोह होतो, कारण वेग थोडा जास्त मिळतो. पण दोन सर्व्हर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर अशी मशीन चालू स्थितीत एकावरून दुसऱ्यावर नेता येत नाही, किंवा नेल्यावर कोसळते. एक सर्व्हर नवा आणि एक जुना घेतलेला असेल, तर दोघांना चालेल असा सामायिक प्रकारच टेम्पलेटमध्ये लिहा.

इशारा: थिन स्टोरेजमध्ये (जिथे डिस्कला जागा लिहिलं जाईल तशी मिळते) दिलेल्या डिस्कांची बेरीज खऱ्या जागेपेक्षा मोठी होऊ शकते. पूल (साठवणुकीची सामायिक जागा) पूर्ण भरला की त्यावरच्या सगळ्या मशिनींचं लिहिणं एकदम अडतं आणि फाइल प्रणाली बिघडू शकते. ८० टक्के भरल्यावर मेसेज येईल अशी सोय पहिला क्लोन काढण्याआधी करा.

## टप्पा ३: नावं, आयपी, व्हीलॅन

नावात सेवा, थर आणि क्रमांक एवढंच असू द्या: काटा-डीबी-१, काटा-वेब-२. माणसाचं किंवा खोलीचं नाव घालू नका, दोन्ही बदलतात. प्रत्यक्ष होस्टनेम (नेटवर्कवरचं मशिनीचं नाव) अर्थातच रोमन लिपीत द्यावं लागेल. प्रत्येक थरासाठी आयपींचा सलग पट्टा राखून ठेवा आणि तो डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीच्या) पट्ट्यात येत नाही याची खात्री करा. डेटाबेस वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) असावा, तिथे फक्त ॲप्लिकेशनला वाट असावी. काट्याचा संगणक थेट डेटाबेसशी बोलत असेल तर ती वाट आत्ताच बंद करण्याची हीच वेळ.

## टप्पा ४: तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मशिनीतली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग, टेम्पलेटच्या आतलं. सगळ्या क्लोनमध्ये अक्षरशः सारखं असतं ते. ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा अपडेट, गेस्ट एजंट (मशिनीच्या आत बसून बाहेरच्या प्रॉक्समॉक्सशी बोलणारा प्रोग्राम), टाइमझोन, मराठी फॉन्ट आणि युनिकोडची सेटिंग, मॉनिटरिंगचं पॅकेज.

दुसरा ढीग, पहिल्यांदा सुरू होताना मिळणारं. होस्टनेम, आयपी, एसएसएच की (दुरून सुरक्षित लॉगिनसाठीची किल्ली), डिस्कचा अंतिम आकार. लिनक्समध्ये हे क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम करतो, विंडोजमध्ये सिसप्रेप (मशिनीची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवल्यानंतरची उत्तर-फाइल किंवा क्लाउडबेस-इनिट.

तिसरा ढीग, नंतर दिलं जाणारं. डेटाबेसचा पासवर्ड, प्रमाणपत्र, ॲप्लिकेशनची आवृत्ती, शाखेची सेटिंग. ही ॲन्सिबलने किंवा लिहून ठेवलेल्या यादीप्रमाणे हाताने द्यायची.

सर्वसाधारण सल्ला असा मिळतो की टेम्पलेट बारीक ठेवा आणि पॅकेज पहिल्या बूटला इंटरनेटवरून उतरवा. शहरातल्या डेटा सेंटरसाठी तो ठीक आहे. आपल्याकडे रस्त्याच्या रुंदीकरणात फायबर तुटली की दोन-दोन दिवस इंटरनेट येत नाही, आणि नेमकं तेव्हाच बंद पडलेल्या मशिनीच्या जागी नवा क्लोन काढायची पाळी येते. क्लाउड-इनिटला पॅकेज मिळालं नाही तर तो लॉगमध्ये त्रुटी लिहून पुढे जातो. मशीन वरवर सुरू झालेली दिसते, आत सेवा नसते. म्हणून माझं ठाम मत आहे: पहिल्या बूटला लागणारी प्रत्येक फाइल टेम्पलेटमध्ये किंवा आपल्याच नेटवर्कवरच्या पॅकेज कॅशेमध्ये (एकदा उतरवलेली पॅकेज साठवून ठेवणाऱ्या जागेत) असलीच पाहिजे. डेबियन आणि उबुंटूसाठी ॲप्ट-कॅशर-एनजी एका लहान मशिनीवर बसतं. सहा क्लोनना एकच अपडेट हवं असेल तर ते एकदाच उतरतं आणि ऑफिसचं इंटरनेट तुंबत नाही.

पासवर्ड पहिल्या ढिगात कधीच नको. टेम्पलेटची बॅकअप प्रत पेनड्राइव्हवर कुठेही जाऊ शकते आणि तिच्यासोबत तो पासवर्डही जातो.

तपासा: पहिल्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल विचारा, "हीच्या हीच दुसऱ्या संस्थेच्या मशिनीत चालेल का?" उत्तर 'नाही' असेल तर ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगात जाते.

## टप्पा ५: पाया मशीन कोरी बसवा

आता सर्व्हरकडे वळा. चालू मशीन उचलू नका. अधिकृत आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) किंवा वितरकाची क्लाउड इमेज (प्रणाली आधीच बसवलेली डिस्क-फाइल) घेऊन कोरी मशीन बनवा आणि डाउनलोडचा चेकसम (फाइल न बिघडता पूर्ण आल्याची खूण) जुळवून घ्या.

डिस्क दोन ठेवा. पहिली २० ते ३० जीबीची, फक्त प्रणालीसाठी. डेटाची डिस्क टेम्पलेटमध्ये नसते. क्लोन काढल्यावर जोडायची. असं केलं की उद्या प्रणाली बिघडली तरी डेटाची डिस्क नव्या क्लोनला जोडून काम पुढे नेता येतं.

लिनक्समध्ये रूट विभाजन (प्रणाली असलेला डिस्कचा भाग) डिस्कवर सर्वांत शेवटी असू द्या. पुष्कळांच्या मशिनीत रूटच्या मागे स्वॅपचं (मेमरी कमी पडली तर वापरायच्या जागेचं) विभाजन असतं, आणि मग डिस्क २० वरून ६० जीबी केली तरी रूटला पसरायला जागा मिळत नाही. स्वॅप हवाच असेल तर फाइलच्या रूपात ठेवा.

विंडोज बसवताना व्हर्टआयओ ड्रायव्हरची (आभासी डिस्क ओळखणाऱ्या प्रोग्रामची) आयएसओ सोबत जोडा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. परवान्याचा हिशेबही आत्ताच करा: विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये सर्व्हरचे सगळे कोर एकदा परवानाधारक केले की दोन विंडोज मशिनी चालवण्याचा हक्क मिळतो, आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोरचे परवाने घ्यावेच लागतात. तिसरी विंडोज मशीन काढण्याआधी हा खर्च संचालकांना लेखी कळवा.

गेस्ट एजंट आत बसवला आणि प्रॉक्समॉक्समध्येही चालू केला, अशी दोन्हीकडची नोंद हवी. बाहेर चालू आणि आत नाही अशी स्थिती असली की मशीन बंद करताना प्रणाली एजंटच्या उत्तराची वाट पाहत राहते. टप्पा ८ मध्ये ही वाट महागात पडते.

## टप्पा ६: मशिनीची ओळख पुसा

हा टप्पा वगळल्यामुळेच 'जुनी बंद पडली' असे फोन येतात. लिनक्समध्ये या क्रमाने:

१. पॅकेज अपडेट पूर्ण करा, एकदा रीबूट करून नवा कर्नल चालतो ना ते पाहा.
२. हाताने दिलेली आयपी सेटिंग काढा.
३. एसएसएचच्या होस्ट की पुसा. क्लाउड-इनिट असेल तर प्रत्येक क्लोनमध्ये त्या नव्याने तयार होतात. क्लाउड-इनिट नसलेल्या डेबियनवर त्या आपोआप तयार होत नाहीत आणि एसएसएच सेवा सुरूच होत नाही. तिथे आधी सोय करा.
४. लॉग, कमांडचा इतिहास आणि तात्पुरत्या फाइली साफ करा.
५. मॉनिटरिंग, बॅकअप आणि अँटिव्हायरसच्या एजंटने स्वतःचा नोंदणी क्रमांक साठवला असेल तर तो काढा. नाहीतर सहा मशिनी डॅशबोर्डवर एकच दिसतील.
६. क्लाउड-इनिटची जुनी स्थिती त्याच्या 'क्लीन' आज्ञेने साफ करा.
७. मशीन-आयडीची (मशिनीच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाची) फाइल रिकामी करा. फाइल राहू द्या, आतला मजकूर तेवढा पुसा.
८. लगेच बंद करा. रीबूट नको.

सातव्या ओळीचं कारण समजून घ्या. उबुंटूसारख्या प्रणालीत डीएचसीपीला दिली जाणारी ओळख मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) नव्हे तर मशीन-आयडीवरून बनते. दोन क्लोनचा मॅक वेगळा असला तरी मशीन-आयडी एकच असेल तर डीएचसीपी सर्व्हर दोघांना एकच यंत्र समजतो आणि तोच आयपी देतो. राउटर बदलून, केबल बदलून हा प्रश्न सुटत नाही. आणि आयडी पुसल्यावर मशीन पुन्हा सुरू केली की नवा आयडी तयार होऊन टेम्पलेटमध्ये बसतो, म्हणून आठवी ओळ.

विंडोजमध्ये सिसप्रेप चालवताना 'जनरलाइझ' आणि 'शटडाउन' दोन्ही निवडा. डोमेनमध्ये (संस्थेच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत) घेतलेली मशीन पाया म्हणून वापरू नका. डोमेनमध्ये घेणं दुसऱ्या ढिगातलं काम आहे. सिसप्रेप अडलं तर बहुतेकदा एखाद्या वापरकर्त्यापुरतं बसलेलं स्टोअर ॲप आडवं आलेलं असतं. लॉगमध्ये त्याचं नाव दिसतं.

इशारा: डोमेन कंट्रोलरचं (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरचं) टेम्पलेट या पद्धतीने करू नका. त्यावर सिसप्रेप चालत नाही. कोरा विंडोज क्लोन काढून त्यावर ती भूमिका नव्याने बसवा.

## टप्पा ७: रूपांतर आणि क्लोनचा प्रकार

रूपांतर करण्याआधी पाया मशिनीचा पूर्ण बॅकअप घ्या, कारण टेम्पलेट झालेली मशीन पुन्हा सुरू करता येत नाही. नाव देताना वर्ष-महिना घाला: उबुंटू-पाया-२०२५-०७.

क्लोन दोन प्रकारचे. लिंक्ड क्लोन झटपट निघतो आणि जागा कमी घेतो, पण तो कायम टेम्पलेटच्या डिस्कवर अवलंबून राहतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जिथे परीक्षा संपली की ३० मशिनी पुसायच्या आहेत, तिथे तोच घ्या. काट्याच्या सेवेसाठी फुल क्लोन. जागेची काटकसर इथे करू नका.

## टप्पा ८: उठण्याचा आणि झोपण्याचा क्रम

डीपी जळाली, फीडर गेला, पावसाळ्यात तासाभरात चारदा लाइन आली-गेली, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. म्हणून क्रम ही टेम्पलेटच्या आराखड्याचीच बाब समजा.

प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक मशिनीला 'स्टार्ट ॲट बूट' आणि क्रमांक देता येतो. लहान क्रमांक आधी उठतो, बंद होताना उलट क्रम लागतो. क्रमांक न दिलेली मशीन सगळ्यांच्या शेवटी उठते. डीएनएस आणि वेळ १, डेटाबेस २, ॲप्लिकेशन ३, वेब ४. डेटाबेसच्या पुढे ६० ते ९० सेकंदांचा विलंब द्या.

तो विलंब म्हणजे नुसतं थांबणं आहे. डेटाबेस खरोखर तयार झाला का, हे कोणी पाहत नाही. अचानक लाइन गेल्यावर डेटाबेस आधी स्वतःच्या नोंदी सावरतो आणि त्याला कधी पाच मिनिटंही लागतात. म्हणून ॲप्लिकेशनच्या टेम्पलेटमध्येच सेवा पडली तर दर १० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करील अशी सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग ठेवा.

आता बंद होण्याचा हिशेब. प्रॉक्समॉक्स प्रत्येक मशिनीला बंद व्हायला मुळात १८० सेकंद देतो. चार क्रमांक, प्रत्येकी तीन मिनिटं. वाईटात वाईट १२ मिनिटं. यूपीएस दहाच मिनिटं टिकत असेल तर सगळ्यात शेवटी बंद होणाऱ्या डेटाबेस आणि डीएनएसवरच घाव पडतो. वेब आणि ॲप्लिकेशनची मुदत ६० सेकंदांवर आणा. यूपीएसचा सिग्नल एनयूटीसारख्या साधनाने सर्व्हरपर्यंत पोहोचवा आणि या सगळ्या मुदतींच्या बेरजेइतका वेळ बॅटरीत उरलेला असतानाच बंद करायला सुरुवात होऊ द्या.

लाइन येताच सर्व्हर लगेच सुरू होईल अशी बायोसची सेटिंग मला धोक्याची वाटते. बॅटरी रिकामी असताना सर्व्हर उठतो, पाच मिनिटांत लाइन पुन्हा जाते आणि या वेळी नीट बंद व्हायला वेळच मिळत नाही. यूपीएसमध्ये किमान चार्ज झाल्याशिवाय पुरवठा सुरू न करण्याची सोय असेल तर ती वापरा.

इशारा: एचएखाली (एक सर्व्हर पडला की मशीन दुसऱ्यावर आपोआप सुरू करणाऱ्या सोयीखाली) घातलेल्या मशिनींना हा क्रमांक लागू होत नाही. आणि दोनच सर्व्हरचं क्लस्टर असेल तर एक बंद असताना दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही, त्यावर नव्या मशिनी सुरू होत नाहीत. तिसऱ्या मतासाठी लहानसा संगणक क्यूडिव्हाइस म्हणून जोडा.

घड्याळाचंही पाहा. जुन्या सर्व्हरमधला बटणसेल संपलेला असतो, लाइन आल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग प्रमाणपत्रं नाकारली जातात आणि विंडोज डोमेनमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिनच होत नाही. टेम्पलेटमधल्या क्रोनीला (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला) आपल्याच नेटवर्कवरचा वेळेचा सर्व्हर दाखवा.

## टप्पा ९: चाचणी, दोन क्लोन एकदम

एक क्लोन काढून पाहणं ही चाचणी नव्हे. टक्कर दोघांत होते, म्हणून एकाच टेम्पलेटमधून दोन क्लोन काढून एकाच वेळी सुरू करा आणि पाहा:

- दोघांचा मशीन-आयडी, एसएसएच की, आयपी आणि होस्टनेम वेगळं आहे का
- डिस्क १० जीबीने वाढवली तर रीबूटनंतर आत दिसते का
- प्रॉक्समॉक्समध्ये गेस्ट एजंटकडून आयपी दिसतो का
- 'शटडाउन' दिल्यावर मशीन एका मिनिटात बंद होते का

मग इंटरनेटची केबल काढून तिसरा क्लोन काढा. तो सेवा सुरू होईपर्यंत गेला तरच टप्पा ४ बरोबर झाला. शेवटी रविवारी, काटा बंद असताना, यूपीएसचा मुख्य पुरवठा काढून सगळी सेवा बंद होऊन परत उभी राहते का ते घड्याळ लावून पाहा. पाहिलेल्या वेळा तक्त्यात लिहा. टप्पा ८ मधले आकडे त्यावरून दुरुस्त करायचे आहेत.

## टप्पा १०: नवी आवृत्ती कधी आणि कशी

टेम्पलेट जुनं होत गेलं की प्रत्येक क्लोनला पहिल्याच दिवशी अपडेटचा डोंगर उतरवावा लागतो. नवी आवृत्ती पोळ्याच्या आत तयार करून तपासून ठेवा. दसरा ते संक्रांत या काळात टेम्पलेट बदलू नका. त्या दिवसांत तातडीची सुरक्षा अपडेट चालू मशिनींवर थेट द्या, थर एकेक करून, वेबपासून सुरुवात करून.

जुन्यावर फेरफार करू नका. टप्पा ५ आणि ६ पुन्हा करून नव्या तारखेचं टेम्पलेट काढा, आणि प्रत्येक मशिनीच्या नोंदीत ती कोणत्या टेम्पलेटमधून निघाली ते लिहा. उद्या एखाद्या पॅकेजमध्ये दोष निघाला तर कोणत्या मशिनी तपासायच्या, हे त्या एका ओळीवरून कळतं.

मागची दोन टेम्पलेटं ठेवा, त्याआधीची काढा. काढण्यापूर्वी त्यावर एखादा लिंक्ड क्लोन उरला आहे का पाहा. असेल तर प्रॉक्समॉक्स टेम्पलेट काढू देत नाही. अशा वेळी स्टोरेजमधून फाइल हाताने पुसायला जाऊ नका. त्या क्लोनची डिस्क आधी दुसऱ्या स्टोरेजवर हलवून पूर्ण करून घ्या, मशीन सुरू होते याची खात्री करा, आणि मगच जुनं टेम्पलेट काढा.